विश्लेषण : टर्बो मोटारीची ताकद रस्त्यावर का उतरत नाही?

सिग्नल हिरवा होतो, चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम पुढची चाके जागेवरच फिरू लागतात. स्टिअरिंग हाताला ओढ देते, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि शेजारची साधी, कमी ताकदीची मोटार आधी पुढे निघून जाते. टर्बो पेट्रोल मोटार घेतलेल्या अनेकांना हा अनुभव नवा नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात एकीकडे समृद्धी महामार्गाचा गुळगुळीत काँक्रीट रस्ता आणि दुसरीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी माती सांडलेले अंबड-घनसावंगीकडचे रस्ते. अशा ठिकाणी हा प्रश्न केवळ हौशी चालकांपुरता उरत नाही. ताकद वाढवण्यावर तीस-चाळीस हजार रुपये खर्चायला तयार असलेला मालक टायर बदलताना मात्र हजार-दोन हजारांसाठी घासाघीस करतो. चूक इथेच आहे.

टर्बोने नेमके काय बदलले?

मराठवाड्याला टर्बो पेट्रोल मोटार तशी नवी नाही. जालना रस्त्यावरील शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात जुळणी झालेली ऑक्टाव्हिया आरएस ही भारतातल्या सुरुवातीच्या टर्बो पेट्रोल मोटारींपैकी एक. पण तेव्हा ती मोजक्या श्रीमंतांची गाडी होती. टर्बो सामान्यांच्या दारात आला तो करामुळे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, हे सूत्र कंपन्यांनी नीट वाचले. इंजिन लहान ठेवायचे आणि त्यात जास्त हवा कोंबून ताकद मोठ्या इंजिनाएवढी काढायची.

हे काम टर्बोचार्जर करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या झोताने एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते. बिनटर्बोच्या १.२ लिटरच्या लोकप्रिय स्विफ्टमध्ये कमाल टॉर्क, म्हणजे चाक पिळणारा जोर, ११३ न्यूटन-मीटर होता आणि तो इंजिनाच्या ४,००० फेऱ्यांच्या पुढे मिळे. १.५ लिटर टर्बो असलेल्या फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये २५० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० फेऱ्यांपासूनच मिळतो. ह्युंदाई व्हर्नाच्या टर्बोमध्ये तो २५३ आहे. दुपटीहून जास्त जोर आणि तोही फार लवकर.

त्यातही घोळ असा की तो जोर सरळ रेषेत वाढत नाही. कमी फेऱ्यांवर वायूचा झोत मंद असतो, पंखा वेग घेईपर्यंत इंजिन सुस्त वाटते. म्हणून चालक पाय आणखी दाबतो. एवढ्यात पंखा वेग घेतो आणि पायाने मागितला त्यापेक्षा जास्त जोर एका झटक्यात चाकावर येतो. चाक घसरायला हा झटका पुरेसा असतो.

पोस्टकार्डाएवढी जागा

मोटार रस्त्याला किती जागेत टेकलेली असते? समजा चालकासह गाडीचे वजन १,२०० किलो आहे. एका चाकावर सरासरी ३०० किलो आले. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. ३०० ला २.३ ने भागले की १३० चौरस सेंटीमीटर येतात. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचे असते, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर. चार पोस्टकार्डे, एवढ्यावरच सगळी मोटार उभी असते, पळते, वळते आणि थांबते.

आता जोराचा हिशेब. २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून साधारण १४ पट होतो. मधली घट वजा केली तर चाकांच्या कडेला सुमारे एक हजार किलोचा रेटा मिळतो. पुढच्या दोन चाकांवर वेग घेताना उरते ते वजन ६५० किलोच्या आसपास. कोरड्या, चांगल्या डांबरावर रस्त्यावरच्या टायरची पकड त्या वजनाच्या फार तर ८० टक्के धरता येते, म्हणजे ५२० किलो. ओल्या रस्त्यावर ती ३२५ किलोपर्यंत उतरते. इंजिन देते हजार, टायर घेऊ शकतो पाचशे. उरलेले पाचशे जातात कुठे? चाक जागेवर फिरवण्यात, रबर जाळण्यात आणि गल्लीतल्या पोरांना आवाज ऐकवण्यात.

म्हणूनच कंपन्या पहिल्या गिअरमध्ये संगणकाद्वारे टॉर्क आधीच कापतात. रिमॅप करून हा कापलेला जोर मोकळा केला की गाडी जलद होते, हा समज इथेच कोसळतो. दुसऱ्या गिअरमध्ये रेटा साधारण निम्म्यावर येतो आणि कोरड्यात तो टायरच्या कुवतीच्या काठावर बसतो. पाऊस पडला की तिथेही घसरण सुरू होते.

शेतकऱ्याला हे आधीच माहीत आहे

काळ्या रानात नांगरट करणाऱ्या कुणाही ट्रॅक्टरवाल्याला पकड समजावून सांगावी लागत नाही. मागच्या चाकांच्या टायरमध्ये पाणी भरून, रिमला लोखंडी वजने लावून तो चाकावरचा भार वाढवतो, कारण भार वाढला की पकड वाढते. नांगर ओढताना भार मागच्या चाकांवर सरकतो आणि ओढणारी चाकेही मागचीच असतात. भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने आहे.

बहुतेक टर्बो मोटारींमध्ये नेमके उलटे घडते. इंजिन पुढे, ओढणारी चाकेही पुढे. वेग घेताना भार मागे सरकतो, गाडीचे नाक वर उचलते आणि ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरचेच वजन कमी होते. चालक जितका जास्त जोर मागेल तितकी पुढच्या चाकांची कुवत घटत जाते. यावर पाणी भरण्यासारखा उपाय मोटारीला नाही.

एक चाक चिखलात आणि दुसरे डांबरावर असेल तर ट्रॅक्टरवाला डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो. मोटारीच्या साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे घसरणारे चाक जेवढे पेलते तेवढेच दुसऱ्याच्या वाट्याला येते. जालना-भोकरदन रस्त्यावर पावसाळ्यात शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरची माती डांबराच्या कडेला पसरलेली असते. ओव्हरटेक करून परत लेनमध्ये येताना डावे चाक त्या मातीवर गेले की हीच अवस्था होते. कंपन्या त्यावर ब्रेकचा उपाय देतात. घसरणाऱ्या चाकाला संगणक हलका ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल याहून चांगले काम करते, पण ते महाग असते आणि रोजच्या वापराच्या मोटारीत ते बसवण्याचा खटाटोप क्वचितच परवडतो.

रुंद टायर बसवला की झाले?

टायरच्या दुकानात सर्वात जास्त खपणारा सल्ला हाच असतो. वर केलेला हिशेब पुन्हा पाहिला तर त्यातली गंमत कळेल. पोस्टकार्डाचा आकार वजन आणि हवेचा दाब यांवरून ठरला, त्यात टायरच्या रुंदीचा उल्लेखही आला नाही. रुंद टायरने जागा मोठी होत नाही, आखूड आणि रुंद होते इतकेच. त्याचा फायदा वळणावर होतो आणि उष्णता जास्त भागात वाटली जाते. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो.

मग हवा कमी केली तर जागा वाढेल? वाढेल. ड्रॅग शर्यतीत असे करतातही. पण तिथे गाडी काही सेकंद पळते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाकण्यातून तापतो. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात, काँक्रीटवर, ताशी १२० किलोमीटर वेगाने तासभर असे चालवले की टायरच्या आतले थर सुटू लागतात. हवा कंपनीने ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच, टायर थंड असताना भरावी. पेट्रोल पंपावर पन्नास किलोमीटर पळून आल्यावर मोजलेली हवा जास्तच दिसते आणि मग ती सोडली जाते, ही आणखी एक सार्वत्रिक चूक. नायट्रोजनबद्दल एवढेच की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा दाब तपासणे त्याहून जास्त कामाचे.

खरा फरक पडतो तो रबरात. नवी मोटार विकताना कंपनीला मायलेजचा आकडा दाखवायचा असतो, म्हणून ती कमी घर्षणाने गडगडणारे, कडक रबराचे टायर देते. ग्राहकही दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती किलोमीटर चालेल?’ ओल्या रस्त्यावर किती मीटरमध्ये थांबेल, हे कुणी विचारत नाही. मऊ रबराचा टायर ३० ते ४० हजार किलोमीटरमध्ये संपेल, कडक ६० हजार जाईल. ज्याची मोटार २५० न्यूटन-मीटरची आहे त्याने हा सौदा उलटा करावा. निर्यातीचे मानक पाळणाऱ्या टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो. तो जितका लहान तितके रबर साधारणपणे मऊ. शेजारी ‘ट्रॅक्शन’ची श्रेणी डबल ए, ए, बी, सी अशी दिलेली असते आणि ती ओल्या रस्त्यावरच्या थांबण्याची असते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये टायरसाठी घर्षण, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची मानके अधिसूचित केली. ग्राहकाला दुकानाच्या काउंटरवर या तिन्हींची तुलना करता येईल अशी ठळक पट्टी टायरवर दिसायला हवी. फ्रिजवर तारे मोजून घेणारा ग्राहक टायरवरचेही मोजेल.

रबर शिळेही होते. टायरच्या बाजूला चौकोनी खोबणीत चार आकडे असतात. २४२३ असे असेल तर तो २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असलेला पण सहा-सात वर्षे जुना टायर उन्हाने कडक झालेला असतो. महिन्यातून चारदाच बाहेर निघणाऱ्या मोटारीला हा धोका जास्त, कारण तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

टायरनंतर खर्च करायचाच असेल तर तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुश आणि अलाइनमेंटवर करावा. खड्ड्यावरून गेलेले चाक जितका वेळ हवेत नाचेल तितका वेळ पकड शून्य. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना दिसण्याचे समाधान मिळते, चाकाला मात्र हलायला जागा उरत नाही.

आणि ज्यावर एक रुपयाही लागत नाही तो उपाय पायात आहे. टायर किंचित घसरत असताना, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असताना, सर्वाधिक पकड देतो. त्याच्या पुढे गेला की पकड घटते. म्हणजे चाक कर्कश ओरडत असेल तर गाडी हळू चालली आहे. टर्बो जागा होण्याआधी पाय थोडा सैल सोडणारा चालक धूर काढणाऱ्याच्या पुढे निघतो. ज्यांना खरेच मोजून पाहायचे असेल त्यांच्यासाठी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. औद्योगिक वसाहतीतला रात्रीचा मोकळा रस्ता ही त्याची जागा नव्हे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे भंगार आणि सळ्या नेणारे ट्रक तिथे रात्रीही वळत असतात.

रिमॅपचे काय?

इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलून टर्बोचा दाब वाढवणे हे लॅपटॉप जोडून तासाभरात होते. जाहिरातीत वाढलेला टॉर्क दिसतो, वाढलेली पकड दिसत नाही, कारण ती वाढतच नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टायर आधीच कुवतीच्या बाहेर असताना आणखी ३० टक्के टॉर्क म्हणजे बुडत्याला दगड बांधणे.

कायद्याचीही बाजू आहे. नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत कंपनीच्या तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीला हा बदल सापडला तर दावा अडकतो तो वेगळाच. टायरचा आकार बदलायचा असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीने दिलेला आकार घ्यावा. भार आणि वेगाचे चिन्ह मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर. हे आकडे तेवढ्या वेगाने जाण्यासाठी नसून उष्णता किती सोसेल हे सांगण्यासाठी असतात.

समृद्धीवर याचा काय संबंध?

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जालना, बदनापूर तालुक्यांतून जाणारा पट्टा तेव्हापासून वाहता आहे. या रस्त्यावर टायर हा शब्द फक्त एकाच वाक्यात येतो : ‘टायर फुटला’. १ जुलै २०२३ च्या पहाटे जालन्यापासून जवळच, सिंदखेडराजा हद्दीत खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले, तेव्हाही पहिल्या काही तासांत टायर फुटल्याचेच सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. ‘फुटला’ म्हटले की दोष नशिबाचा ठरतो. ‘सुटला’ म्हटले तर विचारावे लागेल की वेग किती होता, नक्षी किती उरली होती.

कारण गाडी पळवणारा टायर आणि थांबवणारा टायर एकच असतो. ताशी १२० किलोमीटर, ही मोटारींसाठीची समृद्धीवरची मर्यादा. या वेगात चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एका सेकंदात गाडी ३३ मीटर गेलेली असते. पुढे थांबायला चांगल्या टायरवर कोरड्यात किमान ७१ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर किंवा कडक झालेल्या रबरावर ११३. हा ४२ मीटरचा फरक कोणत्याही इंजिनाने भरून निघत नाही. एबीएस चाक अडकू देत नाही, ईएससी गाडी आडवी होऊ देत नाही, पण दोघेही टायरकडे असलेल्याच पकडीची वाटणी करतात, नवी पकड तयार करत नाहीत. ईएससी घेताना पाहावेच. भारत एनसीएपीमध्ये तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर ती असावीच लागते.

पावसात आणखी एक गणित लागू होते. रस्त्यावर पाणी साचले असेल तर टायर ते खाचांमधून बाहेर फेकतो. खाचा उरल्या नसतील तर तो पाण्यावर तरंगू लागतो. हवेच्या दाबावरून काढल्या जाणाऱ्या ढोबळ हिशेबाप्रमाणे ३३ पीएसआयवर गोटा झालेला टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगतो. म्हणजे पाटीवरच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. आणि हवा कमी असेल तर त्याहूनही आधी.

टायर तपासणार कोण?

नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. नव्या टायरमध्ये ती साधारण आठ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ओल्यातली पकड तर तीन मिलिमीटरपासूनच झपाट्याने घसरते. हे कळायला इंजिनीअर लागत नाही, पण बघणारे कुणीतरी लागते.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली होती. तिचा उपयोग होता, पण मोहीम म्हटली की तिला शेवट असतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. ट्रक, बस, टॅक्सीला योग्यता प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने जावे लागते, खासगी मोटारीला या १५ वर्षांत एकदाही नाही. १५० अश्वशक्तीची मोटार गोटा झालेल्या टायरवर १२० च्या वेगाने दहा वर्षे पळाली तरी कुठल्याही कार्यालयात तिची नोंद होणार नाही.

एक दार मात्र आधीच उघडे आहे. पीयूसीसाठी प्रत्येक बीएस-४ आणि बीएस-६ मोटार वर्षातून एकदा केंद्रावर येते. तिथला कर्मचारी सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि पावती देतो. त्याच दोन मिनिटांत चार टायरची नक्षी मोजता येईल. त्यासाठीचा गेज काहीशे रुपयांत मिळतो. पावतीवर चार आकडे आणि टायरचे उत्पादनवर्ष छापायचे, सुरुवातीला दंड न करता फक्त छापायचे. मालकाच्या हातात ते चार आकडे पडले, की रिमॅपचा दर विचारण्याआधी तो निदान टायरचा दर विचारील. राज्याच्या परिवहन विभागाने जालन्यासारख्या, समृद्धीला लागून असलेल्या एखाद्या जिल्ह्यात हा प्रयोग येत्या पावसाळ्याआधी करून पाहायला हरकत नसावी.